हाराची जागा

१० जानेवारी १९५४, रविवार. चांदा.

सकाळच्या गाडीनं बल्लारपूरहून रुथबाई आल्या. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण. मागल्या वर्षी त्यांना मलेरियाचे तक्ते काढून दिले होते, तेव्हा "मास्तर, मच्छर लय सुंदर झाला, लोक मारनार नाई" म्हणून पोट धरून हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत. पिशवीतून काडेपेटीएवढा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"हा माझा भाऊ. याकोब. याले मोठा करून द्या."

बाई पोलंडच्या, यहुदी. लढाईच्या आधी इकडे आल्या. मराठी शिकल्या ती बाळंतपणाला येणाऱ्या बायांकडून, त्यामुळं गोऱ्या तोंडातून अस्सल झाडीपट्टीची बोली निघते. बल्लारपूर त्यांना पाद्रीणच समजतं. आपण पाद्रीण नाही हे सांगायचा त्यांना कंटाळा आलाय.

फोटोत पंचविशीचा पोरगा. टोपी मागं सरकवलेली, कोणावर तरी हसतोय. दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणे. म्हणजे आपल्याच, रंगवाल्यांच्या जातीचा! डावा कान अंधारात आहे, तो मनानं बनवावा लागेल. महिन्याचा वायदा केला.

१४ जानेवारी. संक्रांत.

समोरच्या काकू हळदीकुंकवाचं आवतन घेऊन गल्लीत फिरत होत्या. आमच्या दारात आल्या. वहिनींच्या कपाळाकडे पाहिलं, मग भिंतीवर दादाच्या फोटोकडे पाहिलं. "बरं, येते मी" म्हणाल्या आणि निघून गेल्या. आवतन दिलंच नाही.

दादा ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता. सरकारी कागदावर तोच शब्द. अकरा वर्षं झाली. वहिनी कुंकू लावतात, फोटोला हार नाही. आई गेली तीसुद्धा "हार नको घालू रे" म्हणत गेली. गल्लीची मोठी पंचाईत होते. विधवा म्हणावं तर कुंकू, सवाशीण म्हणावं तर नवरा कुठाय?

मी जाम भडकलो. समोर जाऊन चार शब्द सुनावणार होतो. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी. तिच्या वड्या दातानं तुटतबी नाई." आणि चुलीकडं तोंड फिरवलं. माझी पाटी-पेन्सिल या बाईनं स्वतःचं डोरलं मोडून आणली होती. तिच्यासाठी मला चार शब्दही सुनावता आले नाहीत. वहिनींच्या वड्या मात्र मी सात खाल्ल्या.

१७ जानेवारी, रविवार.

रु.बाई परत. या वेळी दोन चित्रं आणली. म्हणाल्या, चेहरा काढायच्या आधी त्याचा हात पाहा.

एक याकोबनं काढलेलं. शिसपेन्सिल, औषधाच्या दुकानाच्या कागदाची मागली बाजू. बेचाळीसच्या पावसाळ्यात कोणा परक्या माणसाच्या हातून, तीन देश फिरून त्यांच्याकडं पोचलं. त्यानंतर भावाचं काहीच आलं नाही. आईबापाचंही नाही. एक खोली, भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर कोट. बस. माणूस एकही नाही.

दुसरं छापील, रंगीत, कुठल्याशा मासिकातून फाडलेलं. लढाईनंतर अमेरिकेत बसून कोणा यहुदी चित्रकारानं काढलेलं. गाव जळतंय, आभाळ लाल, म्हातारा पोथी छातीशी धरून पळतोय, शिडी, बकरी, उलटी झालेली होडी. मैत्रिणीनं पाठवलं, लिहिलं की बघ, हे आपल्याच लोकांचं चित्र.

"दोन्ही आमचेच. पन यातलं खरं कोनतं? तुमी चित्रवाले, तुमी सांगा."

एक पाहुणचाराचं उत्तर तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, दोन्ही ठेवून जा, सांगतो.

२० जानेवारी

शाळेत चित्रकला शिकवून आलो की दोन्ही शेजारी लावून बसतो. खरं सांगायचं तर मला आगीचं आवडतं. चित्रासारखं चित्र आहे. रंग कसे घातलेत, हरामखोरानं! लाल विझत विझत कोपऱ्यात जांभळा होतो.

कोटांचं म्हणजे आठवीच्या पोराला वस्तुचित्राला दिलेला विषय.

२४ जानेवारी, रविवार.

मुक्काम बल्लारपूर. नवे तक्ते द्यायला गेलो होतो. दवाखान्याच्या ओट्यावर चहा. विचारलं, त्या आगीत बकरी काऊन?

"बकरी म्हंजे बकरी. आमच्या गावात दूध देत होती." मग कप खाली ठेवून: जुन्या काळी वर्षातून एक दिवस गावाची सगळी पापं बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात हाकलायचे. धर्मात लिहिलंय. "मंग लोकायनं आमालेच बकरी केलं."

हे मला नीट कळलं. पटकीच्या साथीत मरीमायचा गाडा पुढच्या गावच्या शिवेवर ढकलून येतात, तो लहानपणी पाहिलाय. पुढचं गाव त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलतं. आपल्या शिवेत राहू नये एवढंच. बाईंना सांगितलं. "हाव, तेच," म्हणाल्या.

याकोबचा पत्ता लावायला त्यांनी तिकडच्या शोधकचेरीला सहा पत्रं लिहिली आहेत. दरवेळी उत्तर, तपास चालू आहे. टपालवाला दिसला की त्यांचा हात आपोआप अॅप्रनला पुसला जातो. मी पाहिलं.

हे सगळं पाहून, ऐकूनही मी काय केलं ते पुढं ७ फेब्रुवारीला आहे. (ही ओळ मागाहून समासात घातलीय.)

२९ जानेवारी

तुलना, वहीत उतरवून ठेवतो.

आगीच्या चित्रात आग सगळीकडे. कोटांच्या चित्रात आग कुठंच नाही, पण कोपऱ्यात शेगडी आहे, तिचं दार उघडं, आत काळं. म्हणजे जळायला काही उरलं नाही.

आगीच्यात सगळे डावीकडून उजवीकडे पळतात. कोटांच्यात कोणी पळत नाही. खिडकीत बर्फ. बर्फ त्यानं काढलेला नाही, कागद कोरा सोडलाय, भोवती सावली दिलीय. मीही पांढरं असंच करतो. जलरंगात पांढरा रंग वापरणारा तो कच्चा, कोरी जागा सोडतो तो पक्का, हे माझ्या गुरुजींचं. पोलंडातही कोणीतरी हेच शिकवत असणार.

आणि बाहेर एवढा बर्फ असताना कोट खुंटीवर का? माणसं कोटाशिवाय गेली कुठं?

वही मिटली. जेवण गेलं नाही.

३ फेब्रुवारी

याकोबचा चेहरा कागदावर उतरला. कानही जमला. हसू जमायला चार कागद फाडले. वहिनी मागून येऊन म्हणाल्या, "कोनाचा हो हा? आत्ता बोलन असा वाटते." छाती फुगली.

७ फेब्रुवारी, रविवार.

माझा हात तोडून टाकावा.

बाई आल्या. मी चित्रावरचं फडकं जादूगारासारखं काढलं. त्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या, डोळे भरले. मग नजर खाली सरकली.

"हे काय?"

"हार."

"कोनाले?"

मी म्हटलं, "बाई, ते गेले ना, म्हणून..."

"तुमाले कोनी सांगतलं?"

चांद्यात जिवंत माणसाचा फोटो कोण मोठा करतो? तेराव्याच्या आत पाहिजे म्हणून लोक माझ्याकडं धावत येतात. वीस वर्षं हेच. कागद ताणला की आधी मोगऱ्याच्या हाराची जागा कोरी सोडायची, मग अंगरखा रंगवायचा. हात आपसूक जातो. डोकं कुठं होतं? भिंतीवर दादा बिनहाराचा अकरा वर्षं माझ्याकडं पाहतोय, आणि मी खालच्या टेबलावर बसून दुसरीच्या भावाला हार घातला!

बाई ओरडल्या नाहीत. "मी त्याचा चेहरा विसरून राह्यली होती, म्हनून मोठा करून मांगला. बारा वर्षं मी कोनाले म्हटलं नाई का थो मेला. तुमी एका महिन्यात मारला."

गेल्या. दोन्ही चित्रं इथंच राहिली. वहिनी दारात उभ्या होत्या, सगळं ऐकलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझ्यापुढं भाकर ठेवली आणि म्हणाल्या, "तुमाले तरी समजाले पाह्यजे होतं." एवढंच. यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

९ फेब्रुवारी

हाराची कोरी जागा याकोबच्या कोटाच्या रंगानं भरली. बसत नाही. कागद एकदा सोडला की नंतरचा रंग त्याच्यावर वेगळाच बसतो. छातीवर हाराच्या आकाराचा डाग दिसतो. पुन्हा भरला. जास्त दिसतो.

१० फेब्रुवारी

शाळा. वर्गात पोरांना उगाच मारलं. दोघांना. नंतर त्यांनाच रंगाची पेटी वापरायला दिली.

१२ फेब्रुवारी

बाईंची चित्रं परत करायची म्हणून कागदात बांधत होतो. कोटांचं शेवटचं म्हणून भिंगाखाली धरलं. एवढे दिवस भिंग लावलं नव्हतं, म्हणे चित्रवाले!

सहा खुंट्या, सहा कोट. प्रत्येक कोटाच्या उजव्या बाहीवर पट्टा, पट्ट्यावर चांदणी. चांदणी मोहरीएवढी, पण सहाही टोकं काढलीत. जर्मनांनी तिथल्या यहुद्यांना बाहीवर तो पट्टा बांधायला लावला होता, बाईंनी मागं सांगितलं होतं. घराबाहेर पडताना नसला तर गोळी.

आगीच्या चित्रातही चांदणी आहे, आभाळात, केवढी मोठी, चमकते. एकच चिन्ह. त्या चित्रकारानं ते आभाळाला लावलं, यानं बाहीला. तिथं ते आधार वाटतं, इथं वरवंट्याखाली बोट सापडावं तसं.

पुन्हा मोजलं. पट्टे पाच. सहावा कोट शेवटच्या खुंटीवर, बायकी, कॉलर जरा वळलेली. त्याला पट्टा नाही.

विसरला असेल? मोहरीएवढ्या चांदणीची सहा टोकं काढणारा माणूस पट्टा विसरत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार.

भिंग खिशात घालून पहिल्या गाडीनं बल्लारपूर. दवाखान्यापुढं रांग. मीही रांगेत बसलो. एका म्हातारीनं विचारलं, "तुमाले काय होते जी?" म्हटलं, अक्कल कमी आहे. म्हणाली, "त्याले औषध नाई भेटत इथी."

बारा वाजता नंबर आला. बाईंनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. "बोला."

मी माफीबिफी काही बोललो नाही. चित्र टेबलावर ठेवलं, भिंग दिलं. "घरात किती माणसं होती?"

"आई. बाप. आजी. याकोब. त्याची बायको. पाच."

"कोट सहा आहेत."

भिंग धरून एकेका खुंटीवर बोट ठेवत गेल्या. बाहेर पोर रडत होतं, कंपाउंडर आत डोकावून गेला. मग खुर्चीतून उठून रोग्यांच्या बाकावर येऊन बसल्या, माझ्या शेजारी.

"हा माझा. तपकिरी होता. इथी गरमी, म्हनून ठेवून आली होती." मग भिंग पुन्हा लावलं. "पट्टा नाई."

"नाही."

"बारा वर्षं पाह्यलं हे चित्र. मोजलं नाई कधी. मोजाची हिंमत नोती." नंतर आपल्या भाषेत काहीतरी, भावाशीच बोलल्या असाव्यात. रडल्या. माझा हात धरून, रोग्यांच्या बाकावर, सगळ्यांदेखत. मी पण. जाऊ दे, लिहून टाकतो.

येताना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दोन्ही खरी. आगीचं रडून झाल्यावर काढलंय. कोटांचं रडायला फुरसत नव्हती तेव्हा.

"आन् तुमचं?" त्यांनी विचारलं. माझं म्हणजे हाराचं. मी भिंग खिशात घातलं.

२१ फेब्रुवारी, रविवार.

बाईंबरोबर दवाखान्याच्या जीपमधून. आष्टीशी वैनगंगा ओलांडून आत, सागाच्या रानात. त्यांना सुया द्यायच्या होत्या, मला तक्ता धरून उभं राहायचं होतं. मोहाची फुलं पडायला लागली आहेत, बाया पहाटेपासून वेचतात.

गावाबाहेर मेलेल्या माणसांचे खांब. सागाचे, कोरलेले. कोणावर धनुष्य, कोणावर मोर, एकावर कंदील. कंदील का, तर गावात पहिल्यांदा कंदील त्यानंच आणला होता. मी आणि याकोब आणि तो अमेरिकेतला, आम्ही सगळे एकाच धंद्यातले.

खांब कोरणारा म्हातारा माडिया गोंड. थोडी मराठी येते. त्याच्या अंगणात एक खांब आडवा पडलेला, साल काढलेला, कोरा. उधई-वाळवी लागू नये म्हणून दगडांवर ठेवलेला. हा कोणाचा?

"पोराचा. आसामात चायच्या मळ्यात गेला. आला नाई."

मेला का?

"कोनी सांगतलं नाई." मग म्हणाला, "लाकूड आनून ठेवलं. कोरलं नाई. आला तं घराले खांब होईन."

रु.बाई तिथंच उकिडव्या बसल्या. त्या लाकडावर हात फिरवत राहिल्या. सुया द्यायला उशीर झाला, गाव ओरडलं. परत निघालो. नदीवर त्या म्हणाल्या, "आमच्यात मेलेल्याचा दिवा लावते, वर्षातून एकदा, मेल्याच्या तारखेले. मले तारीखच नाई. कधी लावू?"

म्हटलं, आमच्याकडं तिथी माहीत नसली तर सर्वपित्री अमावास्येला पान घालतात.

"पन त्याच्यासाठी बी आधी मेला पाह्यजे ना, मास्तर."

९ मार्च

बाईंचं पोस्टकार्ड. "शोधकचेरीचा कागद आला. रविवारी येते. चित्र तयार ठेवा."

काय आलंय ते लिहिलेलं नाही. पोस्टकार्ड वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, वाचता येत नसताना उलटसुलट करून पाहिलं आणि देवाजवळ ठेवलं.

१३ मार्च

डागाचं काही होत नाही. स्पंजानं पुसला, रंग उतरला, कागदाचं पोत फुगलं. आता तिथं हारही नाही आणि कोटही नाही. नवं काढायला वेळ नाही. चेहरा पुन्हा असा जमणारही नाही.

१४ मार्च, रविवार.

बाई आल्या. आज वहिनी बाहेर आल्या, पाट मांडून समोर बसल्या. नाहीतर पाहुण्यांपुढं येत नाहीत.

कागद टाइप केलेला, खाली शिक्का. बाईंनी मराठीत सांगितला, सावकाश, रोग्याला सांगतात तसा. एका गाडीत भरलेल्या माणसांची यादी सापडली. तिच्यात आई, बाप, आजी, भावजय. आणि याकोब. गाडी कुठल्या छावणीत गेली ते साऱ्यांना माहीत आहे. उतरलेल्यांची यादी नाही. बाकी चौघांच्या नावापुढं एक खूण आहे. याकोबच्या नावापुढं खूण नाही. एवढंच. तपास बंद.

"खूण नाई म्हंजे काय?" वहिनींनी विचारलं.

"कोनाले माहीत नाई. लिवनारा थकला असन. नाई तं थो गाडीतून उडी मारून पळाला असन."

"तुमाले काय वाटते?"

"सकाळी वाटते मेला. दोपारी वाटते नाई."

"माझं उलटं आहे," वहिनी म्हणाल्या. "सकाळी वाटते येतीन." अकरा वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. घरात राहून. काय कामाचा मी?

मग चित्र दाखवायलाच लागलं. फडकं काढलं, या वेळी गुपचूप. छातीवरून खाली लोंबणारी ती पुसट पांढरी जागा. सांगायला सुरुवात केली, बाई, पुसायचा लय प्रयत्न केला, पण कागद...

"राहू द्या," रु.बाई म्हणाल्या. बोट त्या जागेवरून एकदा फिरवलं. "हार नाई, कोट नाई. असंच आहे थे. राहू द्या." बरोबर आणलेलं कोटांचं चित्र आणि हे, दोन्ही एका कपड्यात बांधून घेतलं. आगीचं मला ठेवायला दिलं. मी नको म्हणत होतो. "मले दोन पुरे," म्हणाल्या.

बाई निघताना वहिनींनी त्यांना कुंकू लावलं. बाईंनी कपाळ पुढं केलं, मग करंडा स्वतःच्या हातात घेतला आणि वहिनींना लावला. आमच्या दारात, गल्ली पाहत असताना. समोरच्या काकूंच्या खिडकीचं दार थोडं हललं.

पाचच्या गाडीला त्यांना सोडून आलो. घरी आलो तर दादाचा फोटो भिंतीवर नाही. खिळा तेवढा.

फोटो माझ्या टेबलावर होता, काच पुसलेली. नवा कागद ताणून ठेवलेला, कडांना पाणी लावून. कागद ताणायला वहिनी कधी शिकल्या?

स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "यायले मोठं करून द्या भाऊजी. चेहरा विसरून राह्यली मीबी."

मी दाराशी उभा. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "वहिनी, हार?"

पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

"जागा सोडून ठेवा."

मग पुन्हा लाटणं सुरू झालं. पेन्सिलीला टोक काढून बसलोय. आधी जागा की आधी चेहरा, अजून ठरत नाही.